पान एकेचाळीस

लालबाग, १८ नोव्हेंबर

बाबा,

सुरुवात तीन वेळा लिहून खोडली. शाळेत शिकवलेला मायना लिहिला की पत्र तुमच्यासाठी नाही, मार्कांसाठी लिहिल्यासारखं वाटतं. म्हणून नुसतं बाबा. घरी मी तुम्हाला 'तू' म्हणते, पण कागदावर तसं लिहायला हात धजत नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली, "तुमचा शिकलेल्यांचा तुमका म्हायत."

तुमचा मोबाईल कपाटात साड्यांच्या घडीखाली तसाच आहे. गावी दगडूकाकांच्या फोनवर मी सहा वेळा फोन केला. सहाही वेळा ते म्हणाले, "धोंडू शेतार गेलो हा." आपल्या वाटणीला गावात किती शेत आलं आहे ते मला माहीत आहे. त्यात दिवसभर काय करता?

तुम्ही स्पर्धेनंतर दोनच दिवसांनी गेलात. आईला सांगितलंत, घराची कौलं बघून येतो. आता दोन आठवडे झाले. तुमच्या प्रेशरच्या गोळ्या इथेच राहिल्या होत्या, त्या या पत्रासोबत पाठवते आहे.

घरी सगळं ठीक. आपल्या दशावतारी मंडळाला स्पर्धेत उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळालं. परीक्षकांनी संहितेचं कौतुक केलं. ते प्रमाणपत्र अप्पांनी मंडळाच्या खोलीत खिळ्याला टांगलं आहे, जरा वाकडं.

दादरच्या एका डॉक्टरांची वेळ घेतली आहे, विसरण्याच्या त्रासावर उपचार करतात ते. कागदपत्रांची फाईल मी तयार केली आहे. वयाप्रमाणे असं होतं बाबा, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. एका प्रयोगात चार ओळी विसरल्या म्हणून माणसाने गाव गाठायचं नसतं.

अप्पा परवा येऊन गेले. माघी गणपतीला चाळीच्या चौकात प्रयोग ठरलेलाच आहे. राजाचा पार्ट यंदा विकासला द्यावा असं त्यांच्या मनात आहे. म्हणाले, "धोंडूवर भार नको. विसराक लागलो बिचारो." बत्तीस वर्षं राजा तुम्हीच होता. मी म्हटलं, तुम्हाला योग्य वाटेल ते करा.

कधी येताय ते कळवा.

नम्रता


९ डिसेंबर

बाबा,

पत्र मिळालं असणार, कारण दगडूकाका म्हणाले की गोळ्या मिळाल्या. तुम्ही उत्तर लिहिलं नाहीत. तुम्ही कधीच कुणाला पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा मला का लिहाल, असं मी स्वतःला समजावते.

रविवारी दुपारी आपल्याकडे अचानक वेंगुर्ल्याची मंडळी आली, पाच जण. आईने चार बांगडे आणले होते, आम्हा दोघींना दोन वेळा पुरतील म्हणून. मी म्हटलं, खालून काहीतरी मागवू या. आई म्हणाली, "गप रव, खोबरा खवन दी." बांगड्याचे तुकडे केले, आमसुलं वाढवली, शेजारच्या राधाकाकूंकडून शेवग्याच्या दोन शेंगा आणल्या आणि त्याही त्याच कालवणात सोडल्या. बांगड्यात शेवगा! मी बघतच राहिले. पाहुण्यांनी बोटं चाटली. वेंगुर्ल्याच्या मावशी विचारत होत्या, ह्या कसा केलंस सांग. आई म्हणाली, "ह्या परत होवचा नाय."

ते गेल्यावर भांडी घासता घासता म्हणाली, "तुझ्या बापाशीचा नाटक नि माझा कालवण, दोनय सारखीच. समोर कोण बसला हा ता बघून होता."

हे ती मला उद्देशून म्हणाली की नुसतंच, कळलं नाही.

तेव्हापासून मला सारखा कॉलेजच्या ऑफिसातला तो दिवस आठवतो. दाखल्यावर धोंडू आणि रेशन कार्डावर धोंडिराम म्हणून क्लार्क माझा प्रवेश घेत नव्हता. मी घरून अर्ज लिहून नेला होता, 'सविनय विनंती' पासून. तो पिशवीतून काढेपर्यंत तुम्ही खिडकीशी वाकलात आणि म्हणालात, "साहेब, तलाठ्याला हा माणूस लहान दिसला, त्याने धोंडू लिहिलं. रेशनवाल्याला मोठा दिसला, त्याने धोंडिराम लिहिलं. तुम्हाला केवढा दिसतो तेवढा लिहा, पण पोरीला आत घ्या." तो हसला आणि त्याने शिक्का मारला. घरातली पहिली पदवी त्या वाक्यावर उभी आहे. ते वाक्य तुम्ही घरून ठरवून आणलं नव्हतं.

आणि मी पदवी घेऊन पहिलं काय केलं, तर तुम्हाला ठरवून बोलायला लावलं.

माझा हेतू वाईट नव्हता, एवढं तरी मानाल? तुमचं बोलणं हवेत जातं याचं मला वाईट वाटायचं. आपल्या मंडळात प्रयोगाआधी तुम्ही सगळे आरशासमोर रंगायला बसता, अप्पा बिडी विझवून आख्यान सांगतात, तू राजा, तू प्रधान, तू राजकन्या, इथे कचेरी, इथे लढाई, आणि संपलं. बाकी सगळं बाकड्यावर उभं राहून तिथल्या तिथे. तेच बाकडं सिंहासन, तोच डोंगर. कुठे एक ओळ लिहिलेली नाही. मला वाटायचं, तुमच्यासारखा माणूस लेखक असता तर पुस्तकं निघाली असती. तुम्ही जाल आणि सगळं जाईल. म्हणून दोन वर्षं मी मोबाईलवर प्रयोग टेप केले. राजा मणिकेतूच्या आख्यानाचे अकरा. स्पर्धेवाल्यांना संहितेच्या तीन प्रती हव्याच होत्या. मी त्या अकरांतून चांगलं चांगलं वेचलं, भाषा शुद्ध केली आणि चौसष्ट पानं बांधून तुमच्या हातात दिली.

तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणालात, "माका लिवलेला बोलाक जमाचा नाय गो." मी म्हटलं, सगळे नट करतात पाठ. मग तुम्ही केलंत. लिफ्टमनच्या नोकरीचा शेवटचा महिना तुम्ही लिफ्टमध्ये वर-खाली जाताना पाठांतर करत होतात. कुणीतरी तिसरा मजला सांगायचं आणि तुम्ही म्हणायचात, "हे वनकन्ये!" हे तुम्हीच हसत हसत सांगितलंत. एकदा विचारलंत, "पांथस्थ म्हणजे काय गो?" मी म्हटलं, वाटसरू. "मगे वाटसरू कित्याक नाय?"

मी म्हटलं, पांथस्थ बरं दिसतं.

या आठवड्यात मी ते अकरा टेप पुन्हा ऐकले. झोपडीचा प्रवेश. राजाने प्रधानाचं ऐकून पोटच्या मुलीला वनवासाला पाठवलं, पुढे राज्य गेलं, आता तहानेने व्याकूळ होऊन तो तिच्याच झोपडीशी येतो. ती ओळखते, तो ओळखत नाही. अप्पा तिथे एवढंच सांगतात, "पोरगी वळाखता. पुढचा तुमी बघा." तिसऱ्या टेपमध्ये तुम्ही पाणी पिऊन तिचं नाव विचारता. आठव्यात तांब्या तोंडाशी नेऊन थांबता आणि म्हणता, आधी सांग, तुझा बाप जिवंत आहे का? दहाव्यात काहीच बोलत नाही. ओंजळ धरून नुसते उभे. पखवाजवालाही थांबलेला आहे. मला आधी वाटलं होतं, टेप बंद पडला. मग मागे कुणीतरी बाई नाक ओढते ते ऐकू येतं.

दहाव्यातलं मी संहितेत घेतलं नव्हतं. त्यात लिहून काढण्यासारखं काही नव्हतं.

डॉक्टरांची वेळ मी रद्द केलेली नाही. का, ते पुढच्या पत्रात लिहीन. जमलं तर.

नम्रता


२४ डिसेंबर

बाबा,

काल मंडळाच्या खोलीत विकासची तालीम झाली. आपल्याकडे तालीम! राधाकाकू दारातून म्हणाल्या, "काय रे, दशावतारी कधीपासून अभ्यास करूक लागले?" अप्पांनी माझीच संहिता विकासच्या हातात दिली आहे. मुलगा चांगला आहे, पाठांतर चोख आहे. झोपडीच्या प्रवेशात त्याने 'तृषार्त' अगदी स्वच्छ म्हटलं. प्रफुल्लदादा राजकन्या होऊन समोर बसला होता. प्रवेश झाल्यावर तो म्हणाला, "विकास, तुला तहान लागली नाहीये रे. तुला पुढचं वाक्य लागलंय." सगळे हसले.

मग चहा पिताना प्रफुल्लदादा माझ्याकडे वळला. "नमू, एक विचारू? मुकुट पडला त्या वेळी धोंडूमामा खरंच विसरले होते?"

मी म्हटलं, "हो."

बाबा, हे दुसऱ्यांदा. पहिल्यांदा हॉलच्या मागच्या जिन्यावर, प्रयोग संपल्या संपल्या, अप्पांनी विचारलं, "काय झाला गो धोंडूक?" मी म्हटलं, "बाबा विसरले." तुम्ही तीन पायऱ्या खाली तोंडाचा रंग पुसत उभे होता. तुम्ही ऐकलंत. मी बघितलं की तुम्ही ऐकलंत. तुमचा हात थांबला आणि पुन्हा पुसायला लागला.

तुमच्यासारख्या माणसाला त्या वेळी उत्तर सुचलं नसेल, हे शक्य नाही. तुम्ही माझ्यासाठी गप्प बसलात. हे मला त्याच दिवशी कळलं होतं. तरी मी डॉक्टर शोधला, फाईल केली, आईला घाबरवलं. आई आता दिवा लावताना रोज तुमच्या डोक्यासाठी गाऱ्हाणं घालते. तुमच्या मागच्या सगळ्या चुका आम्ही दोघींनी आठवून काढल्या. छत्री विसरले होते, गॅसचा नंबर लावायला विसरले होते. एक खोटं टिकवायला किती खरं गोळा करावं लागतं.

बारावा टेप आहे. हे तुम्हाला माहीत नसेल. स्पर्धेच्या दिवशी मी विंगेत संहिता घेऊन उभी होते आणि मोबाईल ओढणीत चालू होता. सात आठवडे मी तो ऐकला नाही. आज दुपारी आई देवळात गेल्यावर ऐकला. त्यात आहे ते जसंच्या तसं लिहिते.

राजा येतो. झांज. तुम्ही बाकड्यापाशी टेकता. मग एक खण्ण आवाज, तो मुकुट. दोरी तुटून तो घरंगळत गेला आणि प्रफुल्लदादाच्या पायाशी थांबला. संहितेत तसं काही नव्हतं, म्हणून तो गोठला. मीही गोठले. समोर परीक्षक पानं उलटत होते, कागदाचा आवाजसुद्धा टेपमध्ये येतो. मग तुम्ही बोललात. हळू. हॉलमध्ये माईक असूनही हळू.

"उचलू नको, पोरी. तो डोक्यावर होता तोवर मला तहान लागली की कुणीतरी पाणी घेऊन धावायचं. तहान अशी असते ते मला आज कळतंय. आणि म्हणून मी आज तुला विचारतो..."

एवढंच. कारण इथे माझा आवाज आहे. कुजबुज नाही, ओरडणं. "पान एकेचाळीस! बाबा, पान एकेचाळीस! हे वनकन्ये!"

आणि लोक हसले. बाबा, मला इतके दिवस वाटत होतं की थोडे हसले. नाही. पूर्ण हॉल हसला.

त्यानंतर नऊ सेकंद काही नाही. मी घड्याळ लावून मोजले. मग तुम्ही म्हणता, "हे वनकन्ये, या तृषार्त पांथस्थास ओंजळभर जल देशील का?" रांगेत नंबर पुकारावा तसं. आणि तिथून शेवटपर्यंत एक शब्दही चुकला नाही. चौसष्ट पानं पाठ होती तुम्हाला. विसरलेला माणूस असा बोलत नाही. हे कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही? माझ्यावर सगळ्यांचा विश्वास होता म्हणून. मी शिकलेली.

तुम्ही विसरला नव्हता. तुम्हाला माझी ओळ आठवत होती आणि त्याहून चांगलं काही सापडलं होतं. ते काय होतं? 'म्हणून मी आज तुला विचारतो,' याच्यापुढे काय होतं? मी आज दिवसभर तेवढाच विचार करते आहे.

माफी मागायला मी बसले होते. चार वेळा लिहिली. माझ्या अर्जांसारखी वाटते. म्हणून आधी करायचं ते करते, मग लिहीन.

नम्रता


१२ जानेवारी

बाबा,

केलं.

संक्रांतीच्या आधी वस्त्रं आणि मुकुट उन्हाला दाखवायला मंडळ जमतं तेव्हा सगळे असतात, म्हणून तो दिवस धरला. पेटारा उघडा होता. विकास, प्रफुल्लदादा, पखवाजवाले जयवंतकाका, अप्पा. आईलाही मी वर बोलावलं. ती म्हणाली, माझा काय काम? मी म्हटलं, आहे.

काय बोलायचं ते कागदावर लिहून नेलं होतं. जयवंतकाकांनी तो कागद बघून विचारलं, "काय गो, भाषण?" मग तो मी ओढणीच्या गाठीत कोंबला आणि नुसता मोबाईल मध्ये ठेवून टेप लावला.

मुकुटाचा आवाज आला तसा प्रफुल्लदादा पुढे सरकला. तुमचं बोलणं सुरू झालं. अप्पांचे डोळे मिटलेले. मग मी ओरडते. मग हशा. तिथे मी बंद केलं आणि म्हटलं, "बाबा विसरले नव्हते. मी अप्पांना खोटं सांगितलं. मला माझी संहिता वाचवायची होती."

रस्त्यावर बॅन्डवाले सराव करत होते, तेवढाच आवाज.

जयवंतकाका पहिले बोलले, पण माझ्याशी नाही. अप्पांना म्हणाले, "माझो हात थांबलो होतो बघ. मी तेव्हाच म्हटलंय, धोंडू कायतरी काढता. विसरलेल्या माणसाक हात थांबणा नाय."

"मगे तेव्हा बोललंस कित्याक नाय?" अप्पा.

"चेडू शिकलेला. म्हटलंय, तिका जास्त कळता."

प्रफुल्लदादा मान खाली घालून होता. "मुकुट माझ्या पायाशी होता अप्पा. मी उचलून काहीतरी बोलायला हवं होतं. मामांनी शब्द टाकला आणि मी पुढचं पान आठवत बसलो."

अप्पा माझ्याकडे आले. मला वाटलं, मारतात. मला चाललं असतं. ते म्हणाले, "लिवन काढलंस ता वायट नाय. आमी मेल्यावर वाच. पण जिवंत माणूस बोलता तेव्हा त्येका कागद दाखवचो नाय." मग भिंतीवरचं प्रमाणपत्र काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. "ह्या तुझा."

खाली आल्यावर आईने ती दादरच्या डॉक्टरांची फाईल काढली, एकेक कागद बघितला, वाचता येत नाही तरी बघितला, आणि मला विचारलं, "म्हणजे त्येचा डोक्या बरा आसा?" मी हो म्हटलं. ती खाली बसली आणि रडली, आनंदाने असेल. मग डोळे पुसून म्हणाली, "दोन महिने माझो घोव वेडो झालो म्हणान मी देवाक सांगत होतंय. आता देवाक काय तोंड दाखवू?" चार दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे. फाईल तिने जपून ठेवली आहे, का ते विचारायचं धाडस मला नाही.

अप्पांचा निर्णय तुम्हाला कळवायचा आहे. राजा तुम्हीच. तुम्ही आला नाहीत तर माघीला मणिकेतूचं आख्यान लागणार नाही. आणि राजकन्या मी.

मी म्हटलं, अप्पा, मला येत नाही. ते म्हणाले, "तेचसाठी." आपल्यात बाई कधी रंगली नाही, असं विकास म्हणाला. अप्पा म्हणाले, "आपल्यात कधी तालीम पण झाली नव्हती." प्रफुल्लदादाने पार्ट सोडला तोही हसत. "बरं झालं. एक वर्ष मिशी ठेवतो, बायको केव्हाची मागे लागली आहे."

अट एकच आहे. हातात कागद नाही. आख्यान अप्पा रंगायला बसल्यावर सांगतील तेवढंच.

मला भीती वाटते ती लोक हसण्याची नाही. मला भीती आहे की तुम्ही समोर याल, शब्द टाकाल, आणि मला उचलता येणार नाही. त्याहून मोठी भीती, तुम्ही येणारच नाही.

या असं म्हणायचा हक्क मला राहिलेला नाही. तरी.

नम्रता


२८ जानेवारी

बाबा,

आज दगडूकाकांचा फोन आला. त्यांनी स्वतःहून केला. माझी चारही पत्रं तुम्ही पडवीत बसून वाचलीत म्हणे. शेवटचं दोनदा, आणि त्यांना एका शब्दाबद्दल विचारलात, 'संहिता' नाही, 'हक्क'. "ह्या कसला लिवल्यान?" असं म्हणालात.

मग काका म्हणाले, निरोप आहे, लिहून घे. मी वही घेतली आणि लगेच बंद केली. म्हटलं, सांगा, राहील लक्षात.

"धोंडू म्हणता, तिका सांग, राजा येतलो. झोपडीत पाणी आसा काय नाय, ता तिनाच बघूचा."

मी विचारलं, आणखी काही? काका म्हणाले, "नाय गो. एवढाच. नि मगे शेतार गेलो."

पाच दिवस आहेत. पूर्वी मी या पाच दिवसांत राजकन्येची तीस वाक्यं तयार केली असती. आता रोज संध्याकाळी शिवाजी पार्कला एक फेरी मारते आणि काहीच तयार करत नाही. किती कठीण आहे ते. डोक्यात वाक्य येतं, छान असतं, आणि ते सोडून द्यायचं. तुम्ही बत्तीस वर्षं हे कसं केलंत? राजा होऊन, आणि लिफ्टमध्ये, आणि त्या कॉलेजच्या खिडकीशी?

आईला निरोप सांगितला. तिने ऐकलं, आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा नीट बोलली. "राजा उपाशी येतलो ना? कायतरी करूक व्हया."

नम्रता


२ फेब्रुवारी, दुपारी तीन वाजता

बाबा,

तू आलास.

आई धावत वर आली आणि म्हणाली, अप्पांच्या खोलीत रंगायला बसलाय, पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. मी खाली आले नाही. रंगायला बसल्यावर घरचं काही बोलायचं नाही ही तुमच्या मंडळाची रीत आहे, आणि मला ती आज पहिल्यांदा पटते. मी इथे राधाकाकूंच्या खोलीत रंगते आहे. प्रफुल्लदादाने भुवया काढून दिल्या. हे पत्र तोच तुझ्या आरशाशी ठेवेल. वाचलंस तर वाच, रंग ओला असला तर राहू दे.

अप्पा दोन्ही खोल्यांत जाऊन आख्यान सांगून गेले. मला एवढंच म्हणाले, "पोरगी वळाखता. पुढचा तुमी बघा."

चौकात सतरंज्या अंथरल्या आहेत. बाकडं मधोमध आहे. मुकुटाला आईने नवी दोरी लावली आहे, पण सकाळी बघितली तेव्हा तिची गाठ मला जरा सैलच वाटली. मी काही बोलले नाही.

माफी लिहायची राहिली, ती आता लिहीत नाही. त्या दिवशी तुझं वाक्य मी अर्ध्यावर तोडलं. 'म्हणून मी आज तुला विचारतो,' इथपर्यंत तू आला होतास. आज विचार. काहीही विचार. मी काय उत्तर देणार ते मला खरंच माहीत नाही.

झोपडीत आईने तांब्या ठेवला आहे. तो भरलेला आहे की रिकामा, मी मुद्दाम बघितलेलं नाही.

नमू